सोमवारची गोळी

नागपूर,
१२ ऑगस्ट २०२३

प्रिय इंदूमावशी,

सप्रेम जयभीम.

परवा फोनवर मी वीस मिनिटं बोलले आणि शेवटी तू विचारलंस, "पण कोन बोलून राहिलं?" तेव्हाच ठरवलं, आता पत्रच लिहायचं. कानाचं मशीन तू डब्यातून बाहेरच काढत नाहीस अशी आईची तक्रार आहे. आई म्हणते, इंदू माझी मावसबहीण असली तरी जिद्दीत माझ्या सख्ख्या बहिणींच्या वरताण आहे.

तू विचारत होतीस, मी दिवसभर कम्प्युटरसमोर बसून करते तरी काय. फार्मसी कॉलेजात शिकवते हे तुला माहीतच आहे. माझं संशोधन मात्र दवाखान्यातल्या नोंदींवर चालतं. धंतोलीतल्या एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयानं २०१९ च्या जानेवारीत कागदी फायली बंद करून सगळं कम्प्युटरवर घेतलं. कोणाला कोणतं औषध दिलं, रक्ताचा रिपोर्ट काय आला, पुढे भरती व्हावं लागलं का, हे सगळं नावं काढून आमच्याकडे येतं. तू आरोग्य सेविका असताना गावोगावच्या लशी रजिस्टरमध्ये लिहायचीस ना, तसंच हे एक रजिस्टर. फक्त तीन लाख माणसांचं. त्यात शोधायचं की बरं करणाऱ्या औषधानं कोणाचं वाईट तर झालं नाही.

आणि मला एक गोष्ट सापडली आहे. संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. कामाची गोळी, पण आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, माणूस दगावूही शकतो. चार वर्षांत या रुग्णालयानं ती सहाशे बारा जणांना दिली. त्यातले सत्तावीस जण ती रोज घेऊन आजारी पडले, भरती झाले. पाच वारले. डॉक्टरांच्या टिपणात प्रत्येक ठिकाणी "आठवड्यातून एकदा" असं स्पष्ट आहे. म्हणजे चूक घरी होते. घरची माणसं कागद वाचत नाहीत, विचारत नाहीत. यावर मी निबंध लिहिला आणि एका चांगल्या नियतकालिकानं तो स्वीकारलाय! जानेवारीत सहयोगी प्राध्यापकपदाची मुलाखत आहे. विभागप्रमुख कृष्णकांत सर म्हणाले, या निबंधावर तुझं काम होऊन जाईल.

आईला यातलं काही कळत नाही. तुला कळेल म्हणून इतकं लिहिलं. तब्येतीचं कळव.

तुझी,
रोशनी

*

पवनी,
ता. २-९-२०२३

चि. रोशनीस,

जयभीम आणि खूप आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. पोस्टमननं हातात लिफाफा देल्ला तं मले वाटलं पेन्शनचंच काही असन. तुझं अक्षर पाहून बरं वाटलं. निबंध छापून येणार, हे मी इथं दोघी-तिघींले सांगतलं.

इथं सगळं ठीक आहे. वैनगंगा यंदा चढली होती, पण आपल्या वस्तीत पाणी नाही आलं. गुडघे दुखतात, तेवढं चालायचंच. प्रशिक पुण्यालेच आहे. दिवाळीले येतो आई म्हणते, पण मंग येत नाही. नोकरी मोठी आहे, सुटी भेटत नसन.

एक विचारायचं होतं. तू लिहिली ते गोळी, ते बारीक, पिवळी असते काय? आन समज एखाद्यानं दोन वर्ष बरोबर घेतली, मंग एखादा महिनाच रोज घेतली, तं तेवढ्यानंच होते काय तसं? किती दिवसांत होते? सहज विचारून राहिली. बत्तीस वर्ष नोकरी केली, पण हे गोळी आमच्या उपकेंद्रात कधी आली नव्हती.

तुझ्या आईले सांग, मशीन कानात घातलं की नुसती घरघर ऐकू येते. त्यापेक्षा शांतता बरी.

तुझी,
इंदूमावशी

*

नागपूर,
१० सप्टेंबर २०२३

प्रिय इंदूमावशी,

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं! मुलांना म्हटलं, बघा, सत्तरीला आलेली निवृत्त आरोग्य सेविका कसे नेमके प्रश्न विचारते.

हो, गोळी बारीक असते आणि पिवळी असते. आणि महिनाही लागत नाही. म्हाताऱ्या माणसाची किडनी कमजोर असेल तर दहा-बारा दिवस पुरतात. आधी तोंड येतं, घरच्यांना वाटतं उष्णता झाली. मग ताप, मग रक्त.

तुझा दुसरा प्रश्न तर माझ्या निबंधाचा गाभाच आहे. सत्तावीसपैकी एकोणीस जण आधी महिनोन्‌महिने बरोबर घेत होते आणि मग एकाएकी चुकले. अशा घरांत बहुतेक वेळा कोणीतरी शिकलेलं माणूस असतं. तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मावशी, कधी कधी फार राग येतो. कागद एकदा नीट वाचला असता, एकदा कोणाला विचारलं असतं, तर ही माणसं आज घरात बसलेली असती.

माझ्या मनात आलंय की घरच्यांसाठी एक साधं माहितीपत्रक काढावं. मजकुरात तू मदत करशील? देवरावमावसाजी असते तर त्यांच्याकडूनच लिहून घेतलं असतं, फळ्यावरचं त्यांचं अक्षर अजून आठवतं. ते रक्ताच्या आजारानं गेले तेव्हा मी पीएचडीसाठी हैदराबादला होते. शेवटचं भेटता आलं नाही, याची चुटपुट आहे.

लवकर लिही.

रोशनी

*

पवनी,
ता. २०-११-२०२३

चि. रोशनीस,

जयभीम.

तुझं मधात आणखी एक पत्र आलं, आईचे फोन आले. मी जवाब देल्ला नाही. तुझी आई म्हणे, इंदू नाराज आहे काय. नाराज नाही वं. लिहायले बसत होती आन उठत होती.

प्रशिकच्या बाबाले रक्ताचा आजार नव्हता. तसं मी सगळ्याईले सांगतलं. त्याईले संधिवात होता. तू लिहिली तेच गोळी होती, आन तू लिहिला तोच दवाखाना. पहिले डॉक्टर हातानं लिहून देत, "दर सोमवारी एक." दोन वर्ष मी दर सोमवारी जेवणानंतर देत होती.

२०१९ च्या फेब्रुवारीत, चार तारखेले, आम्ही एसटीनं नागपूरले आलो. त्या दिवशी पहिल्यांदा छापलेला कागद भेटला. मी तो वाचला. कागद वाचल्याशिवाय मी जिंदगीत कोणाले औषध देल्लं नाही. त्याच्यावर होतं, "रोज एक."

मी औषधाच्या खिडकीवर गेली. म्हटलं, "बाई, हे तं सोमवारची गोळी आहे. इथं रोज काहून लिहिलं?"

ते बाई कम्प्युटरमध्ये पाहून म्हणाली, "आजी, इथं रोजच दिसून राहिलं. डॉक्टरनं डोस वाढवला असन." आन तिनं तीस गोळ्या देल्ल्या.

मले पटलं नाही. मी परत डॉक्टरच्या दारापर्यंत गेली. बाहेर साठ माणसं बसली होती. दारावरचा माणूस म्हणे, पुन्हा नंबर लावा. साडेतीनची गाडी होती. प्रशिकचे बाबा म्हणाले, "चाल ना वं. मशीन का खोटं लिहिते?" मी चालली.

महिन्याच्या शेवटी त्याईचं तोंड आलं. मी बोरोग्लिसरीन लावलं. उष्णता समजली, तू लिहिलं तसंच. होळीच्या आधी ताप चढला, हिरड्यांतून रक्त आलं, तवा गाडी करून धंतोलीले नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं मले विचारलं, "गोळी रोज दिली?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "तुम्ही तर नर्स होता ना बाई?" प्रशिक बाजूले उभा होता. त्यानं ऐकलं. सतरा मार्चले हे गेले.

तवापासून प्रशिक माझ्या डोळ्याले डोळा देऊन बोलत नाही. पैसे पाठवते, तब्येत विचारते, पण घरी आला तं दोन दिवसांच्या वर थांबत नाही. त्याचं चुकत नाही. त्याच्या बापाले गोळी तं मीच देल्ली.

तुझ्या सत्तावीसमध्ये आमचं घर आहे. कागद वाचला असता तं, असं तू लिहिलं. मी वाचला होता, बेटा. विचारलंही होतं. त्या कागदाची झेरॉक्स सोबत पाठवून राहिली. माझी सफाई म्हणून नाही. दारापर्यंत गेली होती, तं आत काहून नाही घुसली, हे मी रोज स्वतःले विचारते.

हे फक्त तुले सांगतलं.

इंदूमावशी

*

नागपूर,
२८ नोव्हेंबर २०२३

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी कॉलेजच्या जिन्यात उभ्यानं वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. "कागद नीट वाचला असता" हे मी तुला लिहिलं. तुझे प्रश्न वर्गात हसत वाचून दाखवले. मला माफ कर. मी जे केलं ते सांगते.

नोंदी कोणाच्या आहेत हे आम्ही शोधायचं नसतं, तसा नियम आहे. मी शोधलं नाही. पण पुरुष, वय अडुसष्ट, पवनी तालुका, भरती मार्च २०१९, ही ओळ मला पाठ आहे. पाचपैकी पहिली. इतके महिने मी मावसाजींकडे बघत होते आणि मला माहीत नव्हतं.

आता नीट वाच. कम्प्युटरमध्ये एका पेशंटच्या दोन जागा असतात. एकीकडे डॉक्टर टिपण लिहितात, दुसरीकडे औषधांची यादी भरतात. घरी जो छापील कागद येतो तो यादीवरून निघतो. मावसाजींच्या टिपणात "आठवड्यातून एकदा, सोमवारी" आहे. यादीत "रोज" होतं. होतं असं म्हणते, कारण माझ्याकडच्या प्रतीत आता ते नाही. मीच पुसलं.

आलेल्या नोंदी आम्ही आधी साफ करून घेतो. कोणाचं वय दोनशे लिहिलेलं असतं, कोणाची तारीख उलटी. चौऱ्याहत्तर ठिकाणी टिपणात आठवडा आणि यादीत रोज असं दिसलं. मला वाटलं, टायपिंगची चूक असेल, कोणी डॉक्टर ही गोळी रोज थोडीच देईल. मी ते चौऱ्याहत्तर रकाने बदलून "आठवड्यातून एकदा" केले आणि मग निष्कर्ष काढला की दवाखाना बरोबर होता, घरची माणसं चुकली. तुझी झेरॉक्स हातात आल्यावर मला कळलं की हे कागद खरोखरच "रोज" असे छापून लोकांच्या घरी गेले होते.

काल मी दवाखान्याच्या कम्प्युटर विभागात गेले. तिथल्या वेदिकाला म्हटलं, माझ्यासमोर या गोळीचं नाव टाकून दाखव. तिनं नाव टाकलं आणि शेजारच्या रकान्यात आपोआप "रोज" उमटलं. डॉक्टरनं आठवणीनं बदललं तर बदलतं. ओपीडीच्या गर्दीत राहून गेलं तर तसंच छापून निघतं. मावशी, हे २०१९ मधलं नाही, कालचं आहे. आजही ते तसंच येतं.

चौऱ्याहत्तरपैकी सत्तेचाळीस जण वाचले. कोणी न वाचता जुन्या सवयीनं सोमवारीच घेत राहिलं असेल, कोणाला खिडकीवर थांबून विचार करणारं माणूस भेटलं असेल. तू विचारलंस आणि तुला तसं माणूस भेटलं नाही.  आणखी एक, तुला माहीत असावं म्हणून लिहिते, त्या सगळ्या नोंदींत "कोणी शंका विचारली" असा रकानाच नाही. ते फक्त तुझ्या पत्रात आहे.

उद्या सरांशी बोलते. निबंध मागे घ्यावा लागेल.

रोशनी

*

पवनी,
ता. ७-१२-२०२३

चि. रोशनीस,

जयभीम.

काल सहा डिसेंबरले विहारात गेली होती, पण मन थाऱ्यावर नव्हतं. आजही रोजच येते, हे तू लिहिलं ना, तेच डोक्यात फिरून राहिलं. मी मनात म्हटलं, आज सोमवार नाही, गुरुवार आहे, आन कोणाच्या तरी घरी आज ते गोळी दिल्या जाऊन राहिली असन.

ते पहिले बंद कर. निबंध, मुलाखत मंग पाहू. पहिले मले वाटलं होतं तुले लिहावं की माझ्यापायी नोकरी धोक्यात घालू नको. लिहूनही टाकलं होतं. मंग तो कागद फाडला.

माफी मागू नको. तू राग केला तो माझा नाही, त्या माणसांच्या बाजूनं केला होता. तसा राग मलेही येत होता, लशी चुकवणाऱ्या घरांचा. आता वाटते, तिथंही कोणी काही विचारायले आलं असन आन मी घाईत असन.

एकच सांगणं आहे. प्रशिकले यातलं काही कळवू नको. त्याले वाटन, आई पाच वर्षांनी स्वतःची वकिली करून राहिली. त्याच्या मनात जे आहे ते राहू दे. मले त्याची सवय झाली.

जेवत जा वेळेवर.

इंदूमावशी

*

नागपूर,
२१ जानेवारी २०२४

प्रिय मावशी,

बंद झालं. आधी तेच सांगते.

पण सुरुवातीपासून सांगायला हवं. कृष्णकांत सर पहिल्या दिवशी चिडले. म्हणाले, "रोशनी, स्वीकारलेला निबंध कोणी मागे घेतं का? आणि तू लिहिलंस ते खोटं कुठे आहे? गोळी घरीच तर घेतली ना लोकांनी?"

मी म्हटलं, "सर, चौऱ्याहत्तर रकाने मी माझ्या हातानं बदलले आहेत. ते खोटं आहे."

 ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "दाखव." आम्ही एकेक ओळ पाहिली. त्या निबंधावर माझ्यामागे त्यांचंही नाव होतं. दुसऱ्या दिवशी मागे घेण्याचं पत्र टाइप झालं तेव्हा त्यांनी माझ्याआधी सही केली.

दवाखान्यात जास्त अवघड गेलं. ट्रस्टचे वकील म्हणाले, नोंदी संशोधनासाठी दिल्या होत्या, आमची झडती घ्यायला नाही. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या नोंदी त्यांनी बंद करून टाकल्या. मग मी अधीक्षक डॉ. अरुंधती घाटे यांना एकटीनं भेटायची वेळ मागितली. तुला विचारलं होतं आणि तू आईच्या फोनवर नुसतं "हो" कळवलंस, त्याप्रमाणे नाव झाकून तुझी झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवली आणि खिडकीवर काय झालं ते सांगितलं.

त्यांनी विचारलं, "या बाई परत ओपीडीच्या दारापर्यंत आल्या होत्या?"

"हो मॅडम. पुन्हा नंबर लावायला सांगितलं."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "त्या वर्षी आम्ही सकाळी नव्वद पेशंट बघत होतो," त्या म्हणाल्या. "दाराच्या आत मी असेन, नाहीतर माझ्यासारखंच कोणी असेल." मग फोन उचलून वेदिकाला वर बोलावलं. त्याच संध्याकाळी तो आपोआप भरणारा "रोज" काढून टाकला. आता रकाना रिकामा येतो, डॉक्टरनं भरल्याशिवाय कागद छापलाच जात नाही. या गोळीपुढे वाराचं नाव छापतात आणि खिडकीवरून चारच गोळ्या मिळतात, महिन्याच्या.

वकिलांचं म्हणणं होतं की दुरुस्ती झाली, आता विषय संपवा. डॉ. घाटे म्हणाल्या, नाही, खरा निबंध छापला पाहिजे, कारण हेच कम्प्युटर दुसरीकडेही असतील. दवाखान्याचं नाव येणार नाही. नोंदी पुन्हा सुरू झाल्या आहेत. सगळं नव्यानं लिहायचं, म्हणजे वर्ष जाईल.

मुलाखत झाली. एक निबंध कमी पडला. पुष्कर नावाच्या सहकाऱ्याची निवड झाली, माणूस चांगला आहे. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. कॉलेजातून निघाले, मेट्रोनं सीताबर्डीला उतरले, एकटीनं तर्री-पोहे खाल्ले आणि नाकाडोळ्यातून पाणी आलं ते तर्रीमुळे आलं असं म्हणून घरी गेले.

आता अवघड गोष्ट. त्या चौऱ्याहत्तर घरांना दवाखाना पत्र पाठवणार आहे. चूक कागदाची होती, तुमची नव्हती, असं. मी आणि सरांनी तसा आग्रह धरला होता. पत्रं फेब्रुवारीच्या अखेरीस निघतील आणि जे भरती झाले होते त्यांची पत्रं, त्या वेळी नातेवाईक म्हणून ज्याचा पत्ता दिला होता त्याच्या नावानं जातील. मावसाजींच्या कागदावर तो पत्ता प्रशिकदादाचा असणार, कारण फॉर्म त्यानंच भरला असेल.

मी त्याला काही कळवलेलं नाही. तुला शब्द दिलाय. पण ते पत्र थांबवा असं मी दवाखान्याला म्हणू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणणारही नाही. त्याला ते अनोळखी लिफाफ्यातून कळण्याआधी तुझ्याकडून कळावं असं मला वाटतं. पुढचं तू ठरव.

रोशनी

*

पवनी,
ता. ३-३-२०२४

चि. रोशनीस,

जयभीम.

तुझं पत्र भेटल्यावर तीन हप्ते मी काहीच केलं नाही. मंग प्रशिकले दोन ओळी लिहिल्या. "दवाखान्यातून तुझ्या नावानं एक पत्र येईन. ते यायच्या आधी घरी येऊन जा." मले वाटलं फोन करन. तो फोन न करता चौथ्या दिवशी दारात उभा होता.

मी त्याले जेवू घातलं आन मंग तो छापलेला कागद पुढं ठेवला. झेरॉक्स नाही, असली. म्हटलं, हे वाच. तुझ्या बाबाले मी रोज देल्ली ते याच्यावरून देल्ली. मी खिडकीवर विचारलं होतं. दारापर्यंत गेली होती. आत नाही गेली. आता तुले जे म्हणायचं ते म्हण.

त्यानं कागद वाचला. मंग म्हणाला, "आई, तूही रोजच देत होतीस?"

मले समजलं नाही. म्हटलं, "मंग? मी तेच तं सांगून राहिली."

तो एकदम तोंडावर हात ठेवून लहान पोट्ट्यासारखा रडायले लागला. रोशनी, हे मी विसरूनच गेली होती. त्याच फेब्रुवारीत, तेरा तारखेले, भंडाऱ्याले माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. प्रशिक दहा दिवस सुटी टाकून आला होता. मले डोळ्यावर ताण द्यायचा नव्हता, म्हणून बाबाचं औषधपाणी तोच पाहत होता. मी खाटेवरून सांगत होती, "पिवळी एक देऊन दे." तो देत होता. कागद त्यानं पाहिलाच नव्हता.

बाबा गेल्यावर त्यानं त्या गोळीबद्दल कुठंतरी वाचलं की हे हप्त्याची गोळी आहे, रोज दहा दिवस घेतली तरी जीव जाते. त्याले वाटलं, आई नर्स आहे, ते तं बरोबर सोमवारीच देत असन. तिनं मले एका दिवसाचं सांगतलं आन मी येड्यासारखा दहा दिवस देत राहिलो. बाबाले मी मारलं.

तो म्हणाला, "त्या डॉक्टरनं तुले म्हटलं ना, तुम्ही तर नर्स होता म्हणून. तवा मले बोलायचं होतं की आईनं नाही, मी देल्ली. माझं तोंडच उघडलं नाही. तू माझी चूक आपल्या अंगावर घेतली, असं मी समजलो. पाच वर्ष झाले आई, तुझ्याकडे पाहण्याची हिंमत होत नाही."

मी इतकी वर्ष समजत होती का तो माझा राग करून राहिला.  म्हटलं, "येडा आहेस काय रे?"  मंग मीही रडली. त्याचे बाबा गेले तवा आम्ही दोघं वेगवेगळ्या खोलीत रडलो होतो.

परवा दवाखान्याचं पत्र त्याच्या पुण्याच्या पत्त्यावर आलं. सूनबाईनं मोबाइलवर फोटो पाठवला, प्रशिकनं मले मोठ्यानं वाचून दाखवलं. डॉ. घाटे यांची सही आहे. चांगलं लिहिलं. त्यानं माणूस परत येत नाही, हे त्याईलेही माहीत असन, पण लिहिलं. प्रशिक म्हणे, त्या तरुण डॉक्टरले शोधून हे पत्र दाखवू काय? मी म्हटलं, राहू दे. त्यालेही तेव्हा टिपणच दिसलं असन, कागद नाही.

तुझी बढती हुकली याचं मले वाईट वाटते, तू कितीही तर्रीचं नाव सांग. पण तू ते चौऱ्याहत्तर रकाने होते तसे परत लिहिले ना, तं निबंध आता खरा होईन. तो छापून आला का मले पाठव. इंग्रजीत असला तरी पाठव, प्रशिक वाचून सांगन. सतरा तारखेले बाबाले पाच वर्ष पूर्ण होतात, रविवार आहे. आईले घेऊन ये. वंदना सकाळी नऊले.

प्रशिक दोन दिवसांसाठी आला होता, आता आठ दिवस झाले, अजून इथंच आहे. आज सकाळी चहा घेतल्यावर म्हणाला, "आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या कुठं आहेत?" मी डबा देल्ला. त्यानं एकेक पाकीट खिडकीपाशी नेऊन वाचलं, मंग माझा कागद वाचला, मंग मले दाखवून विचारलं, "हेच ना?" मी म्हटलं, "हेच."  त्यानं एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली, आन मी पाण्याबरोबर घेतली.

तुझी,
इंदूमावशी